एकाही पानाला भोक नाही

१

शेवटचा खड्डा भरायचा नाही. का, ते विचारायचं नाही.

गेल्या पावसाळ्यात मी ‘खाडीमित्र’ मंडळात आले, तेव्हा पहिल्याच रविवारी कमळाकर काकांनी मला हे सांगितलं. कुदळीच्या दांड्यावर हनुवटी टेकवून, चपला कुठे काढायच्या ते सांगावं तितक्या सहज.

कामोठ्यात आमच्या सोसायटीच्या मागे रस्ता संपतो. पुढे भरावाची मोकळी जमीन, तिच्यापलीकडे तिवरं आणि तिवरांतून आत शिरलेला खाडीचा फाटा. तिथे मंडळ झाडं लावतं. मंडळ म्हणजे सोसायटीतले निवृत्त लोक: टेलिफोन खात्यातले कमळाकर काका अध्यक्ष, शाळेतून निवृत्त झालेल्या वैजयंतीकाकू, दिलीपकाका आणि आणखी काही. त्यांच्यात तरुण म्हणावी अशी मी एकटी, आणि वनस्पतिशास्त्र शिकलेलीही मीच. या दोन्ही गोष्टी त्यांना फारशा आवडत नसत.

कामाची पद्धत ठरलेली. शनिवारी खड्डे खणायचे, रविवारी सकाळी रोपं लावायची. ओळ रस्त्याकडून सुरू होते आणि खाडीकडे जाते. रोप लावलं की शेजारी काठी रोवायची आणि घरून आणलेल्या जुन्या कपड्याच्या चिंधीने रोप काठीला बांधायचं. प्लास्टिकची दोरी चालत नाही, ती खोडात रुतते. त्यामुळे चिंधी बघून रोप कुणाचं ते ओळखता येतं. मग बुंध्याभोवती तळव्यांनी माती थापून आळं करायचं. खाडीकडचा शेवटचा खड्डा तेवढा सोडायचा, हात धुवायचे, चहा प्यायचा.

पुढच्या रविवारी तो खड्डा भरलेला असतो. रोप, काठी, चिंधी, नीट थापलेलं आळं.

“कोण लावतं?” मी विचारलं होतं.

“लावतं कुणीतरी,” काका म्हणाले. “आयतं झाड मिळतंय ना, मग टेन्शन कशाला घेता, क्रांतीबाई?”

मला राग आला, पण मी तो डासांवर काढला. खाडीकाठचे डास कपड्यांतून चावतात. मी आल्यापासून हातपाय बडवत होते. काका अर्ध्या बाह्यांच्या सदऱ्यात निवांत उभे होते. त्यांना एकही चावत नव्हता. वयाने कातडी निबर होत असेल, असं मला वाटलं, आणि थोडा हेवाही वाटला.

२

मी मंडळात आले ती झाडांसाठी नाही, कोल्हिणीसाठी.

आमच्याकडे तिवरांत कोल्हे आहेत, हे लोकांना सांगितलं तर हसतात. पण आहेत. ओहोटीला चिखलात उतरून खेकडे खातात, संध्याकाळी ओरडतात, आणि फ्लॅटमधले लोक त्यांना भटकी कुत्री समजून खिडक्या लावून घेतात. गच्चीवरून मी त्यांच्यातली एक मादी बरेच महिने बघत होते. डावा कान फाटलेली. भरावाच्या टोकाला जुना मातीचा बांध शिल्लक आहे, त्यावर बोरी आणि करंजांची दाट जाळी आहे. तिच्यात तिचं बीळ. भरतीचं पाणी चढत नाही अशी या बाजूला तेवढी एकच जागा उरली आहे. बाकी सगळीकडे इमारती, नाहीतर चिखल, नाहीतर महामार्ग. महामार्गावर गेलेला कोल्हा परत येत नाही. त्यांच्यातला एक मी स्वतः रस्त्यावरून उचलून बाजूला ठेवला आहे.

या वर्षी तिला पिल्लं झाली. दुर्बिणीतून मला त्यांची पोटं दिसली, मातीने माखलेली, गोल.

आणि याच वर्षी मंडळाच्या ओळी सरकत सरकत बांधापाशी पोचल्या. पुढची ओळ थेट जाळीला भिडणार होती. ओळीतला शेवटचा खड्डा बिळाच्या तोंडाशी.

बैठकीत मी विरोध केला. खणाखणीने ती बिथरेल, पिल्लं अजून चालत नाहीत, दोन महिने थांबू, असं सगळं सांगितलं. दिलीपकाका म्हणाले की कोल्ह्यांच्या बाळंतपणाची रजा मंजूर करायचा अधिकार मंडळाला नाही. सगळे हसले. हात वर झाले आणि ओळ ठरली.

तोवर मला फक्त खणाखणीची काळजी होती.

३

बैठकीत हरल्यावर मी पुरावा गोळा करायचं ठरवलं. मंडळाची झाडं जगतात किती आणि मरतात किती, हे दाखवून द्यायचं होतं. मरत असणारच, याची मला खात्री होती. सुरुवातीला या लोकांनी भरावाच्या खारट मातीत गुलमोहर लावले होते, अशोक लावले होते, एका वर्षी तर जास्वंदसुद्धा.

मी जुन्या ओळींतून फिरले. गुलमोहर गेलेले, अशोक गेलेले. नुसत्या काठ्या उभ्या आणि काठ्यांना चिंध्या. मी गेल्या वर्षी आणलेले करंज आणि परसभेंडी थोडे जगले होते. त्यांची पानं अळ्यांनी खाऊन चाळणी केली होती, खोडांवर मुंग्यांची ये-जा होती, एका भेंडीवर शिंजीर घरटं बांधत होता.

पण प्रत्येक ओळीच्या टोकाला एक झाड उभं होतं. हिरवंगार, माझ्या खांद्याएवढं. गेल्या वर्षीचं आणि मंडळाच्या पहिल्या वर्षीचं, दोन्ही तेवढीच. लांबून बघणाऱ्याला किनारा हिरवा दिसतो तो याच झाडांमुळे. पर्यावरण दिनाला मंडळाला शाल-श्रीफळ मिळालं तेही यांच्याच जिवावर.

मी जवळ गेले. पान जाड, चकचकीत, किनाऱ्यावरच्या उंडीच्या झाडासारखं. पण उंडी नव्हतं. उंडीच्या पानावर बारीक समांतर शिरा असतात, याच्यावर एकही शीर दिसत नव्हती. मी पान मोडलं. चीक नाही, वास नाही. मग मी ते झाड नुसतं बघत उभी राहिले, आणि काय चुकतंय ते कळायला मला बराच वेळ लागला.

एकाही पानाला भोक नव्हतं.

अळी नाही, मुंगी नाही, कोळ्याचं जाळं नाही, पक्ष्याची विष्ठा नाही. खाली चिखलात खेकड्यांची बिळं होती, पण सगळी जुनी, तोंडं बुजलेली. ओल्या मातीवर कोल्हिणीचे पाय उमटले होते. ते सरळ येत होते, झाडापासून हातभर अंतरावर वळत होते, लांबचा वळसा घालून पुन्हा सरळ होत होते. सगळ्या ओळींच्या टोकांना तोच वळसा.

तेव्हा मला कळलं की खणाखणीचा प्रश्नच नाही. बिळाच्या तोंडाशी हे झाड आलं तर ती वळसा घालणार नाही. ती बीळ सोडेल, पिल्लं तोंडात धरून निघेल, आणि निघाली तर तिला महामार्गाकडेच जावं लागेल.

एक पान घरी आणून मी वर्तमानपत्रात दाबलं, वर जाड पुस्तकं ठेवली. आठवड्याने काढलं तर जसंच्या तसं. सुकलं नव्हतं, कागदाला ओलसुद्धा लागली नव्हती. मेणाचा थर जाड असेल, मी स्वतःला सांगितलं. खारट मातीतल्या पानांना असतो. कॉलेजातल्या मॅडमना फोटो पाठवला तर त्या म्हणाल्या, फूल आण, मग सांगते.

त्या झाडांना फूल आलेलं कुणी पाहिलेलं नाही.

४

मी नियमाचा उगम शोधायला निघाले. कुणीतरी कधीतरी हा नियम केला असेल, त्याच्याशी भांडता येईल, असा माझा हिशेब होता.

कमळाकर काका म्हणाले, वैजयंतीबाईंनी सांगितलं, अगदी सुरुवातीला. वैजयंतीकाकू म्हणाल्या, छे, मला दिलीपरावांनी सांगितलं. दिलीपकाका थोडा विचार करून म्हणाले की त्यांना काकांनीच सांगितलं होतं. मी परत काकांकडे गेले. तेव्हा त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मीच काहीतरी वेडं बोलते आहे.

“एवढं शिकून वाद घालायचा तो खड्ड्याशी?” ते म्हणाले.

मी चिंध्यांचं विचारलं. टोकाच्या झाडांनाही चिंध्या होत्याच, आणि त्या मी ओळखत होते. एक काकांच्या रेघारेघांच्या सदऱ्याची. एक वैजयंतीकाकूंच्या मोरपंखी साडीच्या काठाची. ती साडी नेसून त्यांनी सत्काराचा फोटो काढला होता.

“म्हणजे तुम्हीच लावता ना ही झाडं, काकू? गुपचूप?”

काकू त्यांच्या स्वयंपाकघरात शेंगा सोलत होत्या. हसल्या. “अगं बाळा, ती साडी मी फाडेन का? कपाटात आहे. काठ तेवढा गेलाय एका बाजूने.”

“कुणी नेला?”

“आता गेला, तर गेला.” त्यांनी एक दाणा तोंडाशी नेला आणि न खाता परत ताटात टाकला.

खिडकी उघडी होती, दिवेलागणीची वेळ होती. मी पिंडऱ्या खाजवत बसले होते. काकूंच्या दंडांवर, मानेवर, उघड्या पायांवर एकही डाग नव्हता. मी निघताना त्या म्हणाल्या की मी उगाच इतकी चिडते, आणि चिडणंही हळूहळू जातं.

५

त्या आठवड्यात बुधवारी मी काम करते त्या प्रयोगशाळेतून दुपारीच घरी आले. कुलूप उघडलं आणि आतून थप थप ऐकू आलं.

आई भाकरी थापत होती. आमची आई परभणीकडची, दुपारची भाकरी तिला ताजीच लागते. मला भूक लागली होती. मी दारातच बूट काढत ओरडले, “आई, मलापण टाक एक.”

थापणं थांबलं. मग पुन्हा सुरू झालं, थोडं सावकाश.

मी हात धुतले. स्वयंपाकघरात गेले. गॅस बंद होता. परात घासून भिंतीला उभी टेकवलेली, कोरडी. तवा खिळ्याला. आई नव्हती.

आवाज बाल्कनीतून येत होता.

कुणी वरच्या मजल्यावर गादी झटकत असेल. प्लंबर असेल. मी या दोन्ही शक्यता मनात नीट मांडल्या, आणि तोवर बाहेरच्या खोलीतून बाल्कनीपर्यंत गेलेही. दार सरकवलं. आवाज बंद झाला.

बाल्कनीत आईची कढीपत्त्याची कुंडी आहे. तिच्यातली माती ओली होती आणि बुंध्याभोवती नीट थापलेली होती, आळं केल्यासारखी. मातीवर तळव्यांचे ठसे होते. माझ्या तळव्यांएवढे. बोटं मात्र उमटली नव्हती, नुसते तळवे.

वर दोरीवर माझा निळा कुर्ता वाळत होता, पांढऱ्या ठिपक्यांचा. खालची पट्टी नव्हती. आम्ही चिंध्या फाडतो तशीच, दाताने सुरुवात करून सरळ फाडलेली.

आई भाजी घेऊन आली ती कुरकुरतच. “चांगला कुर्ता कशाला फाडलास गं? नवा होता.”

“मी नाही फाडला.”

“मंग? मी निघत होते तवा आवाज आला ना बाल्कनीतून, टरकन. मला वाटलं तूच आलतीस.” तिने पिशवी ठेवली. “मी हाक मारली तर ‘हं’ म्हणलीस की.”

 संध्याकाळी लाइट गेले, आम्ही बाल्कनीचं दार उघडून बसलो. आई टाळ्या वाजवत डास मारत होती. बऱ्याच वेळाने तिने विचारलं, “तुला चावत न्हाईत का गं?”

मला चावत नव्हते.

आईने भाकरी वाढली. भूक दुपारीच कुठेतरी गेली होती, परत आली नव्हती. मी कच्ची मिरची घेतली, ठेचा घेतला, आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत एकेक घास चावून सगळी भाकरी संपवली. आईला वाटलं मी कुणावर तरी रागावले आहे. बरोबरच होतं. तो राग जाऊ द्यायचा नाही, एवढं मी ठरवलं होतं.

६

रविवारी मी माझ्या घरच्या रोपांतलं करंजाचं एक उचललं. मुद्दाम निवडून, सगळ्यात जास्त खाल्लेलं. एका पानावर अळी अजून होती. ती पडू नये म्हणून रोप छातीशी धरून नेलं.

मंडळ आधीच आलं होतं. खड्डे शनिवारी खणून झाले होते, बांधापर्यंत. शेवटचा बिळाच्या तोंडापासून माझ्या दोन हातांवर. जाळीत आत काहीतरी हललं, मग थांबलं. ती आत होती. पिल्लांना घेऊन जायला तिला अजून रस्ता सापडला नव्हता.

मी आधी मागच्या ओळीच्या टोकाशी गेले. गेल्या रविवारी तिथे खड्डा होता. आता झाड होतं, माझ्या खांद्याएवढं, आणि निळ्या चिंधीने काठीला बांधलेलं. पांढरे ठिपके. मी डावखुरी आहे, माझी गाठ उलटी बसते. ती गाठ उलटी होती.

गाठ मला सोडवता आली, कारण ती माझीच होती. चिंधी सुटली तेव्हा झाड हललं नाही. वारा होता, तिवरं डोलत होती, पण ते हललं नाही.

चिंधी मनगटाला गुंडाळून मी बांधाकडे चालत गेले. मंडळाची लावणी अर्ध्यावर आली होती. कुणीतरी मला बघितलं, आणि एकेक करून सगळे काम थांबवून बघू लागले. मी शेवटच्या खड्ड्यापाशी गुडघे टेकले, पिशवी फाडली आणि करंज आत ठेवला.

“क्रांती,” कमळाकर काका म्हणाले. क्रांतीबाई नाही, नुसतं क्रांती. “तिथून ऊठ.”

मी माती लोटू लागले.

ते धावले नाहीत. चालत आले आणि खड्ड्यापासून थोडं अंतर ठेवून ओळीने उभे राहिले. काकांना राग आला नव्हता, हेच मला भयंकर वाटलं. त्यांनी समजावून सांगितलं की सगळ्यांनीच आपापल्या वेळी शेवटच्या खड्ड्याचा हट्ट सोडून दिला, आणि कुणाचं काही वाईट झालं नाही. काठ हिरवा झाला. मंडळाचं नाव झालं. एका खड्ड्यापायी हे सगळं घालवायचं का, असं त्यांनी विचारलं, अगदी हळू आवाजात.

“काही होत नाही गं बाळा,” वैजयंतीकाकू म्हणाल्या. “उलट बरं वाटतं. दुखत नाही, खुपत नाही. भूकसुद्धा फारशी लागत नाही.”

मी त्यांच्याकडे बघितलं. सकाळचं ऊन त्यांच्या चेहऱ्यांवर होतं. गुळगुळीत, निरोगी. कुठे ओरखडा नाही, चट्टा नाही. खाडीकाठी, ऐन पावसाळ्यात, उघड्या हातांनी ते उभे होते आणि त्यांच्याभोवतीची हवा स्वच्छ होती.

“इथे जे राहतं त्याला काहीतरी खायला लागतं, काकू,” मी म्हणाले. “पानाला भोक पडलंच पाहिजे.”

काठी रोवली. मनगटावरची चिंधी सोडून करंज बांधला, माझ्या उलट्या गाठीने. मग दोन्ही तळव्यांनी माती थापू लागले. थप, थप, थप. घाम डोळ्यांत जात होता. मी हात उचलून कपाळ पुसलं.

थप. थप.

माझे हात कपाळावर होते. आवाज मातीतून आला. खालून. आळ्यातली माती माझ्या डोळ्यांसमोर किंचित उचलली जात होती आणि बसत होती, सावकाश, मला शिकवत असल्यासारखी. जाळीतून कोल्हीण एकदाच गुरगुरली.

मला पळायचं होतं. हे लिहिताना खोटं कशाला बोलू? पायांनी सुरुवातही केली होती. पण मला पळता येत होतं, त्या बिळातल्यांना पळायला जागा नव्हती.

मी तळवे परत मातीवर ठेवले. त्याच जागी. खालून काहीतरी माझ्या तळव्यांना लागलं, मधे मातीचा पातळ थर, तेवढ्याच आकाराचं, थंड. मी कोपर ताठ केले आणि सगळं वजन टाकलं.

“ऊठ,” काका म्हणाले. “तो खड्डा आपला नाही.”

“नाही,” मी म्हणाले. त्यांनाही आणि खालीही. “मी उठणार नाही. हा खड्डा मी भरलाय. इथून पुढे प्रत्येक ओळीतला शेवटचा खड्डा मीच भरणार.”

खालचं दाबत राहिलं. मीही. किती वेळ, ते मला माहीत नाही. करंजावरची अळी पानाच्या कडेपर्यंत गेली आणि खाऊ लागली.

मग माझ्या डाव्या मनगटावर, चिंधी गुंडाळली होती तिथे, एक डास बसला.

मी हलले नाही. त्याचं पोट हळूहळू लाल होताना बघितलं. चावला, चांगलाच चावला, आणि बुधवारनंतर पहिल्यांदा मला पोटातून भूक जाणवली. तळव्यांखालची माती आता नुसती माती होती. निदान तेवढ्यापुरती.

मी तो हात वर केला आणि त्यांना दाखवला.

 वैजयंतीकाकूंनी स्वतःच्या दंडाकडे बघितलं, पदराने तो झाकला. कमळाकर काका माझ्या मनगटाकडे बघत राहिले, उपाशी माणूस दुसऱ्याच्या ताटाकडे बघतो तसे. मग त्यांनी मान खाली घातली.